फ्रोसोनची फुलं

स्टॉकहोमहून सकाळी निघालेली गाडी उप्साला, येव्ह्ले, युस्डाल, ओंगे अशी उत्तरेकडे चढत जाते आणि पाच-साडेपाच तासांनी ओस्तेरसुंदला पोचते. येव्ह्लेपर्यंत खिडकीबाहेर शेतं आणि तांबड्या रंगाची लाकडी घरं दिसतात. पुढे जंगल सुरू होतं ते संपायचं नाव घेत नाही. पाइन, स्प्रूस, बर्च. मध्येच एखादं तळं, काठाला बांधलेली होडी, की पुन्हा पाइन, स्प्रूस, बर्च. शेवटच्या टप्प्यात झाडी जरा बाजूला सरते आणि डाव्या हाताला मोठं पाणी सोबतीला येतं. हा स्टूरशोन, आकाराने स्वीडनमधला पाचव्या क्रमांकाचा तलाव. त्याच्या काठावर ओस्तेरसुंद शहर, समोर पुलापलीकडे फ्रोसोन हे बेट, आणि त्याही पलीकडे जून महिन्यातसुद्धा अंगावर बर्फाचे पट्टे वागवणारे ओविकचे डोंगर.

या बेटाचं नाव स्वीडनमध्ये ज्या घरात पियानो आहे त्या घरात ठाऊक असतं. ते पोचवलं विल्हेल्म पेटरसन-बर्गर या संगीतकाराने. १८९६ साली त्याचा पियानोच्या छोट्या रचनांचा एक संग्रह निघाला. नाव ‘फ्रोसोब्लोम्स्तेर’, म्हणजे फ्रोसोनची फुलं. १९०० साली दुसरा भाग आला, १९१४ साली तिसरा. तिन्ही मिळून एकवीस रचना. आपल्याकडे एकेकाळी घरोघरी पेटीवर भावगीतं वाजायची, जे रीतसर गाणं शिकलेले नाहीत तेही ती मनापासून वाजवायचे, तसं स्वीडनमध्ये या वह्यांचं झालं.

माझी भाची स्टॉकहोममध्ये नोकरीला आहे. ती राहते त्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी आहेत. त्यांच्या पियानोवर ही वही उघडीच असते. पानांच्या कडा मऊ पडलेल्या, बोटं कुठली कुठे ठेवायची याचे पेन्सिलीने घातलेले आकडे तीन वेगवेगळ्या अक्षरांतले: त्यांच्या आईचे, त्यांचे आणि नातीचे. त्यांनी मला ‘सोम्मारसोंग’, म्हणजे उन्हाळ्याचं गाणं, वाजवून दाखवलं. डावा हात संथ हलता आणि वर सरळ, गाता येईल अशी चाल. दुसऱ्यांदा तीच चाल येते तेव्हा खालचे स्वर किंचित बदललेले असतात आणि तेवढ्यानेच तिच्यावर सावली पडल्यासारखी होते. मी तेव्हाच भाचीला म्हटलं, हे बेट बघायला जायचं. ती म्हणाली, “मावशी, लोक उत्तरेला डोंगर चढायला जातात, तू पियानोच्या वहीसाठी निघालीस.” पण तिकिटं तिनेच काढली.

पेटरसन-बर्गरचा जन्म २७ फेब्रुवारी १८६७चा, उल्लोंगेर या गावचा. ते ओंगेरमानलँडमध्ये, बाल्टिक समुद्राच्या बाजूला आहे. शाळा उमेओला झाली. १८८६ ते १८८९ स्टॉकहोमच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकला, मग जर्मनीत ड्रेस्डेनला. परत येऊन उमेओत काही काळ शिकवलं, पुन्हा ड्रेस्डेन, आणि १८९६पासून स्टॉकहोमच्या ‘दागेन्स न्यूहेतेर’ या दैनिकात संगीत समीक्षक. मधले थोडे खंड सोडले तर १९३०पर्यंत तो हेच काम करत होता. लेखाखाली सही असायची फक्त दोन अक्षरांची, आणि आजही स्वीडनमध्ये त्याला त्याच अक्षरांनी ओळखतात: पे-बे. ओस्तेरसुंदमध्ये तर पूर्ण नाव घेतलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, मग म्हणतो, “अच्छा, पे-बे!”

शहरातून फ्रोसोनला जायला पूल आहे. आम्ही सामान हॉटेलात टाकून तो चालत ओलांडला. पुलापलीकडच्या टोकाजवळच एक उभा दगड दिसतो. अकराव्या शतकातला हा रूनलिपीतला शिलालेख, स्वीडनमध्ये उभ्या असलेल्या रूनशिलांपैकी सर्वांत उत्तरेकडचा. दगडाच्या कडेने सापासारखी वळणं घेत गेलेल्या पट्ट्यात अक्षरं कोरलेली आहेत. गुडफास्टचा मुलगा ओस्टमन याने हा दगड उभारला, पूल बांधवला आणि जेम्टलँडला ख्रिस्ती केलं, असा त्याचा आशय. अख्ख्या प्रांताच्या धर्मांतराची नोंद एका दगडावर, आणि तीही पुलाच्या बांधकामाशेजारी! ती कोरणाऱ्या कारागिरांचीही नावं त्यावर आहेत. मला ही गोष्ट फार आवडली.

जेम्टलँड हा प्रांत तसा स्वीडनच्या मुख्य प्रवाहातला नव्हे. शतकानुशतकं तो नॉर्वेच्या बाजूला मोडत होता. १६४५च्या ब्रोमसेब्रो तहाने तो स्वीडनकडे आला. ओस्तेरसुंद शहर तर १७८६ साली तिसऱ्या गुस्ताव्ह राजाने वसवलं. १८८२ साली इथून नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमपर्यंत रेल्वे पुरी झाली आणि दक्षिणेकडच्या शहरी माणसांना हे डोंगर हाताशी आले. पे-बे हा त्या पहिल्या पिढीतला डोंगरभटक्या. पाठीवर सामान टाकून तो उन्हाळे इथे पायी हिंडण्यात घालवायचा. ‘फ्रोसोनची फुलं’ लिहिली तेव्हा तो या बेटाचा रहिवासी नव्हता, पाहुणा होता. घर नंतर आलं, संगीत आधी. मला त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. माणसाने एखाद्या जागेचं गाणं करावं आणि मग त्या गाण्याच्या मागे मागे जाऊन तिथेच राहायला लागावं, असं त्याचं झालं.

फ्रोसोचं चर्च बेटाच्या पश्चिम अंगाला, उंचवट्यावर आहे. शहरातून बस जाते. जाड पांढऱ्या भिंतींचं हे दगडी चर्च मूळचं बाराव्या शतकातलं, आणि घंटा मात्र बाजूला, वेगळ्या लाकडी मनोऱ्यात. या मनोऱ्याला लाकडाच्या खवल्यांचं आवरण आहे, आणि जवळ गेलं की डांबराचा वास येतो. आवारातून खाली उतरत गेलेली कुरणं, त्याखाली तलाव, पलीकडे डोंगर. लग्नासाठी या चर्चला फार मागणी आहे. आम्ही गेलो तेव्हाही एक वऱ्हाड बाहेर उभं होतं, आणि नवरीच्या बहिणी वाऱ्याने उडणारा झगा सावरत होत्या.

या चर्चच्या पोटात मात्र आणखी जुनं काही आहे. १९८४ साली वेदीखाली उत्खनन झालं तेव्हा तिथे एका बर्च झाडाचा बुंधा सापडला आणि त्याभोवती जनावरांची हाडं, त्यांत अस्वलांचीही. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी त्या झाडाशी बळी दिले जात होते, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. बेटाचं नावच फ्रेय या जुन्या नॉर्डिक देवावरून पडलं आहे. ज्या जागेला लोक आधी पवित्र मानत होते, नेमक्या त्याच जागी नव्या देवाची वेदी मांडली गेली.

पे-बेला हे उत्खनन ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण पहिल्या भागातली ‘फ्रोसो चर्चपाशी’ ही त्याची रचना मी त्या आवारात बाकावर बसून कानाला इअरफोन लावून ऐकली, तेव्हा तिच्यातला गंभीरपणा नुसत्या चर्चच्या प्रार्थनेचा वाटला नाही. सावकाश पडणारे भरीव स्वरमेळ आहेत, प्रार्थनागीतासारखे. पण त्यांच्यामध्ये रिकाम्या जागा आहेत आणि त्या जागांमध्ये घंटेचा नाद विरत जावा तसे स्वर विरतात. नवशिक्याला वाजवता येतील एवढे सोपे स्वर. अवघड आहे ते थांबणं. आजींनी मला स्टॉकहोममध्येच सांगितलं होतं, “ही रचना सगळे भरभर वाजवतात, कारण शांततेची भीती वाटते.”

याच संग्रहात ‘लॉन टेनिस’ नावाचीही एक रचना आहे. चेंडूसारखी टपटप उड्या मारणारी, खेळकर. १८९६ साली टेनिस हा नव्या फॅशनचा खेळ होता. चर्च आणि टेनिस एकाच वहीत शेजारी शेजारी बसवणाऱ्या या माणसाकडे डोळस नजर होती असं मला वाटतं. हा संग्रह म्हणजे निसर्गाची रंगीत पोस्टकार्डं, असं त्याला हिणवणारे म्हणत आले. पण सुट्टीवर आलेला माणूस दिवसभरात काय काय पाहतो, कशाने हरखतो, संध्याकाळी कशाने गप्प होतो, हे इतक्या नेमकेपणाने फार कमी संगीतात उतरलं आहे. शुमानचा आणि ग्रीगचा वारसा त्यात दिसतो, तो लपवायचा प्रयत्नही नाही.

चर्चपासून जवळच ‘सोम्मारहागेन’ आहे. पे-बेने १९१० साली ही जागा घेतली आणि १९१४ साली घर पुरं झालं. ‘फुलां’चा तिसरा भागही त्याच वर्षीचा, आणि त्यात ‘सोम्मारहागेनमध्ये प्रवेश’ अशी एक रचना आहे. घराच्या वास्तुशांतीसाठीच लिहिल्यासारखी, ताठ मानेने आणि आनंदाने चालत आत येणारी. १९३०मध्ये त्याने वृत्तपत्राची नोकरी सोडली आणि कायमचा इथे राहायला आला. ३ डिसेंबर १९४२ रोजी गेला तोही फ्रोसोनचा रहिवासी म्हणून. त्याची कबर फ्रोसोच्या दफनभूमीत आहे.

घर आता संग्रहालय आहे. उन्हाळ्यात ठरलेल्या वेळी माहितीसह दाखवतात, मैफलीही होतात. उतारावर लाकडी ओंडक्यांचं हे घर उभं आहे. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो जुन्या लाकडाचा आणि पुस्तकांचा वास. मग दालन. पियानो, नक्षीने रंगवलेलं लाकूड, भिंतीशी पुस्तकांची कपाटं आणि खिडकीतून तलाव. त्या काळात स्वीडनमधल्या कलावंतांना असं घर करायची ओढच लागली होती. कार्ल लार्सन या चित्रकाराचं सुंदबोर्नचं घर, आंदेर्स सोर्नचं मूराचं घर. दोघांनी आपापल्या गावात लोककलेच्या धर्तीवर घरं उभी केली आणि ती घरंही त्यांच्या कलेचाच भाग होऊन गेली. लार्सनच्या घरात बायकोमुलांचा गलबला होता. पे-बेने मात्र लग्न केलं नाही. सोम्मारहागेन हे एकट्या माणसाचं घर आहे. बसायच्या खुर्च्या पुष्कळ आहेत, पण घराची रचना पाहिली की कळतं, इथे एका माणसाने एका खिडकीपाशी बसायचं, एवढ्यासाठी हे सगळं केलेलं आहे.

घर दाखवणाऱ्या मुलीने पियानोच्या बाजूला उभं राहून माहिती सांगितली. ओस्तेरसुंदचीच, संगीताची विद्यार्थिनी. भाचीने तिला विचारलं, “तुला स्वतःला आवडतं का त्याचं संगीत?” ती म्हणाली, “लहानपणी इतकं वाजवावं लागलं, की कंटाळा आला होता. आता समीक्षा वाचते आणि मग पुन्हा पियानोवर जाते. एकाच माणसाने दोन्ही लिहिलं यावर विश्वास बसत नाही.”

ती समीक्षा हा खरोखर वेगळाच अध्याय आहे. स्वीडनच्या संगीतात त्या पिढीचे तीन मोठे संगीतकार मानले जातात: विल्हेल्म स्टेनहामर, ह्यूगो आल्फवेन आणि पे-बे. त्यांतला पे-बे उरलेल्या दोघांच्या कामावर वर्तमानपत्रातून निकाल देत असे. लेखणी धारदार, भाषा सुंदर आणि दयामाया नाही. वाग्नरवर त्याची भक्ती होती. वाग्नरचं ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ त्याने स्वीडिशमध्ये आणलं, नीत्शेचंही भाषांतर केलं. १९०८ ते १९१० स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेरात दिग्दर्शक म्हणून काम केलं. पण शोनबर्ग, स्ट्राव्हिन्स्की यांचं नवं संगीत त्याला मुळीच पटलं नाही, आणि ते तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ज्यू संगीतकारांविषयीचे त्याचे पूर्वग्रहही त्याच्या लेखनात उतरले आहेत. सोम्मारहागेनच्या खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याने ते पुसले जात नाहीत, आणि पुसूही नयेत. माझं त्याच्या संगीतावर प्रेम आहे. म्हणूनच हे लिहिणं मला आवश्यक वाटतं.

या समीक्षेचा सूड मग त्याच्या स्वतःच्या संगीतावर निघाला. तो ज्यांच्यावर तुटून पडला होता ते आणि त्यांचे पाठीराखे त्याच्या मोठ्या रचनांची वाट पाहतच असत. पाच सिंफन्या, एक व्हायोलिन कॉन्चेर्टो, पाच ऑपेरा, ढीगभर गाणी आणि समूहगीतं, एवढा त्याचा संसार. सिंफन्यांना नावं आहेत: ‘ध्वज’, ‘दक्षिणयात्रा’, ‘सामे-एतनाम’, स्टॉकहोमचं लॅटिन नाव घेतलेली ‘होल्मिया’, आणि शेवटची ‘सोलिटुडो’, एकांत. ही पाचवी १९३२-३३मधली, म्हणजे कायमचं फ्रोसोनला आल्यानंतरची. ती फार कमी वाजवली गेली. १९९०च्या दशकात नोर्शोपिंगच्या सिंफनी ऑर्केस्ट्राने मिखाइल युरोव्हस्कीच्या संचालनाखाली यांतल्या काही सिंफन्या ध्वनिमुद्रित केल्या, त्यामुळे आज आपल्याला घरबसल्या त्या ऐकता येतात. ऐकाव्यात. सगळ्या सारख्या उतरलेल्या नाहीत. काही ठिकाणी बांधणी सैल आहे, एकाच चालीवर तो फार रेंगाळतो. पण ‘फुलां’पलीकडे हा माणूस काय करू पाहत होता ते त्यांतच कळतं.

गाणी मात्र टिकली. ‘लिंडन झाडाखालची मुलगी’ हे लोकगीताच्या वळणाचं गाणं त्याने १८९२च्या सुमारास, पंचविशीत केलं आणि स्वीडिश गायिका ते अजून गातात. कवी एरिक आक्सेल कार्लफेल्ट, ज्याला १९३१ साली मरणोत्तर नोबेल मिळालं, त्याच्या कवितांना पे-बेने लावलेल्या चाली तर शाळकरी गायकवृंदांच्याही तोंडी आहेत.

दुपारी आम्ही घराच्या उतारावरून खाली चालत गेलो. जेम्टलँडचं प्रांतीय फूल म्हणजे ब्रूनकुल्ला, करंगळीएवढं गडद तपकिरी-तांबडं ऑर्किड. संरक्षित आहे, तोडायला बंदी. ते आम्हाला कुरणात दिसलं नाही, पण निळसर-जांभळी रानजिरेनियम मात्र कंबरेइतक्या गवतातून सगळीकडे डोकावत होती. स्वीडनमध्ये त्यांना मध्य-उन्हाळ्याची फुलं म्हणतात. बांधावर एका बाईंनी पातळ भाकरीसारख्या तुनब्रोडमध्ये बकरीचं चीज गुंडाळून विकायला ठेवलं होतं. ओस्तेरसुंदला युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून निवडलं आहे, आणि ते कशासाठी हे त्या घासात कळलं. खारट, किंचित गोडसर, धुराचा वास असलेलं.

बेटावरच एक मोकळं मैदान आहे, जिथे ‘आर्नल्योत’चे प्रयोग होतात. पे-बेची ही ऑपेरा १९१० साली स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेरात पहिल्यांदा झाली. संहिता त्याचीच, वाग्नरसारखी. आर्नल्योत हा जेम्टलँडचा वीर. स्नोरी या आइसलँडिक इतिहासकाराच्या राजगाथांमध्ये तो येतो. रानात राहणारा, कोणाचंच राज्य न मानणारा हा माणूस १०३०च्या स्टिक्लेस्टाडच्या लढाईआधी नॉर्वेच्या ओलाफ राजाला येऊन मिळतो, बाप्तिस्मा घेतो आणि त्याच लढाईत पडतो. म्हणजे पुलाजवळचा तो शिलालेख ज्या काळाचा, त्याच काळाची ही गोष्ट. स्टॉकहोममध्ये ही ऑपेरा आता क्वचितच दिसते. पण फ्रोसोनवर १९३५पासून तिचे उघड्यावर नाट्यप्रयोग होत आले आहेत, आणि काम करतात ते इथलेच लोक. बसचालक, शिक्षक, दुकानदार अंगावर लोकरीचे झगे चढवतात आणि घोड्यांसकट मैदानात येतात. राजधानीने सोडून दिलेला आर्नल्योत त्याच्या गावाने सांभाळला.

आता त्या ‘सामे-एतनाम’विषयी. तिसरी सिंफनी, १९१३ ते १९१५मधली. हे नाव सामी भाषेतलं, सामींचा देश अशा अर्थाचं. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तर टोकाला पसरलेली सामी ही मूळनिवासी जमात. रेनडियर पाळणारी, मासेमारी करणारी. त्यांचं गाणं म्हणजे योइक. योइकमध्ये शब्द कमी, कधी नसतातच. एखाद्या माणसाचं, लांडग्याचं, डोंगराचं योइक असतं, आणि ते गाताना तो माणूस किंवा ते जनावर समोर हजर होतं अशी समजूत. छोटी चाल, तीच पुन्हा पुन्हा, सुरुवात आणि शेवट यांचं बंधन नसलेली.

हे योइक पे-बेपर्यंत पोचलं ते कार्ल तिरेनमुळे. तिरेन रेल्वेत नोकरीला होता, आणि मूळचा ओविकचा. सोम्मारहागेनच्या खिडकीतून तलावापलीकडे जे डोंगर दिसतात, त्यांच्याच पायथ्याचं हे गाव. १९१०च्या दशकात तो फोनोग्राफ घेऊन उत्तरेत फिरला आणि मेणाच्या नळकांड्यांवर शेकडो योइक मुद्रित केली. चर्चच्या लेखी योइक हे पाप होतं. गाणारेही दबून असत. अशा काळात कोणी त्यांच्या दारात जाऊन ‘तुमचं गाणं मला जपायचं आहे’ म्हणणं ही फार मोठी गोष्ट होती. त्याच्या या संग्रहाचं पुस्तक १९४२ साली निघालं, पे-बे गेला त्याच वर्षी. त्या योइकांतल्या चाली घेऊन पे-बेने चार भागांची सिंफनी बांधली: प्राचीन काळाची चित्रं, हिवाळ्यातली संध्याकाळ, उन्हाळ्यातली रात्र, भविष्याची स्वप्नं.

मला ही त्याची सर्वांत चांगली सिंफनी वाटते, आणि सर्वांत अडचणीची. चांगली यासाठी की छोट्या चालीवर प्रेम करणाऱ्या या माणसाला योइकमध्ये आपल्या वृत्तीचं काहीतरी सापडलं. तिसऱ्या भागात तारवाद्यांच्या झिरझिरीत पडद्यावर एकेक चाल वर येते आणि न संपताच बाजूला होते. तिथे तो योइकच्या सगळ्यात जवळ आहे. अडचणीची यासाठी की शेवटी ही चाल मोठ्या ऑर्केस्ट्राच्या भरजरी पोशाखात उभी केली जाते आणि जिचं घर तंबूतल्या शेकोटीपाशी होतं ती सभागृहातल्या पाहुणीसारखी दिसू लागते. ज्यांच्याकडून चाली आल्या ते सामी त्या सभागृहात नव्हते.

ते कुठे होते? सिंफनी १९१७ साली पहिल्यांदा वाजली. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला ट्रॉनहाइममध्ये सामींची पहिली मोठी परिषद भरली, एल्सा लॉला रेनबेरि या सामी कार्यकर्तीच्या पुढाकाराने. आज ६ फेब्रुवारी हा सामी राष्ट्रीय दिन आहे. आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९१८मध्ये, स्वीडनमधल्या सामींची देशव्यापी बैठक झाली ती ओस्तेरसुंदला. कुरणांचे हक्क, मुलांच्या शाळा, जमिनी हे त्यांचे विषय होते. म्हणजे सोम्मारहागेनपासून पुलापलीकडे, काही किलोमीटरवर, ‘भविष्याची स्वप्नं’ प्रत्यक्ष मांडली जात होती. पुढे १९२२ साली स्वीडनने उप्सालात वंशशास्त्राची सरकारी संस्था काढली आणि तिथल्या लोकांनी सामींची डोकी मोजली. योइकवर सिंफनी रचणारा देश आणि डोकी मोजणारा देश एकच होता. सोम्मारहागेनमध्ये उभं राहून मला हे सगळं एकत्र आठवणं भाग होतं.

संध्याकाळी आम्ही फ्रोसोनच्या माथ्यावरच्या मनोऱ्यावर गेलो. तिथे वाफल्स मिळतात, क्लाउडबेरीच्या जॅमसह. खाली स्टूरशोन पसरलेला. या तलावात एक राक्षसी प्राणी राहतो अशी जुनी आख्यायिका आहे, आणि १९८६ साली प्रांताच्या प्रशासनाने त्याला कायद्याने संरक्षण दिलं होतं. ते २००५ साली काढून घेतलं. शेजारच्या टेबलावरचे आजोबा दुर्बीण घेऊन बसले होते. भाचीने विचारलं तर म्हणाले, “पक्षी बघतोय. पण ते दिसलंच तर सोडणार नाही.” सूर्य अकराच्या सुमाराला मावळला आणि तरीही अंधार झाला नाही. पे-बेच्या संगीतात रात्रीचं इतकं उजळ चित्र का असतं, हा प्रश्न मला स्टॉकहोममध्ये पडला होता. त्याचं उत्तर त्या आकाशातच होतं. जूनमध्ये इथे रात्र नसतेच.

मुक्काम वाढवावा असं भाचीला वाटत होतं, पण मला उत्तरेला जायचं होतं. ओस्तेरसुंदहून उन्हाळ्यात इनलांड्सबानान ही डोंगराकडेची जुनी रेल्वे सुटते आणि दिवसभर धावून येल्लिवारेला पोचते. एक-दोन डब्यांची गाडी, रुळांवर रेनडियर आले की थांबते. वाटेत उत्तर ध्रुववृत्तापाशी योक्मोक्क हे गाव लागतं. तिथे आयते हे सामी संग्रहालय आहे. आम्ही योक्मोक्कची तिकिटं काढली. तिरेनच्या नळकांड्यांतून आणि पे-बेच्या ऑर्केस्ट्रातून मी योइक ऐकलं होतं. आता ते ज्यांचं आहे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.